फडक्यातली खिंड

दाजी, अक्कानं तुमची फडकी धुतली.

तेरावं झालं आणि लगेच तिनं घर धुवायला काढलं. पांघरुणं, सतरंज्या, खुंटीवरचे तुमचे शर्ट, ग्रीसनं कडक झालेली दुकानातली ती पँट, सगळं एका दमात. त्या नादात दुकानातल्या खिळ्याला टांगलेली पातळाची चौकोनी फडकीही गेली. मी माझ्या गावाहून, सिद्धेश्वरहून येईपर्यंत ती अंगणातल्या दोरीवर ओळीनं वाळत होती. तुमच्या हाताखाली काळी पडलेली ती फडकी मूळची हिरवी होती, हे मी पार विसरलो होतो.

"अक्का, ही काहून धुतलीस गं?"

"मंग काय तशीच ठेवू? सुतक फिटल्यावर घरात मळकं ठेवत न्हाईत. लोकं म्हणतील, बाईला एवढंबी कळंना."

तुम्ही असता तर आधी घर डोक्यावर घेतलं असतं आणि मग ओट्यावर बसून पोट धरून हसला असतात. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. दोरीखाली उभा राहिलो आणि एकेक फडकं बोटांत धरून उजेडाकडे करून बघत बसलो.

बाहेरच्या माणसाला वाटेल, चार फडक्यांचं काय एवढं. पण हिमालयातली एक अख्खी खिंड त्या फडक्यांत होती, हे तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. ती साबणाच्या पाण्याबरोबर मोरीतून गेली. आणि परवा वसमतहून हळदीचा ट्रक जम्मूला निघतोय. त्याच ट्रकात दरवर्षीप्रमाणे खेकडा चढवायचा आहे. खेकडा म्हणजे आपली ती चार जाड टायरांची, मोटरसायकलसारख्या हँडलची, दगडगोट्यांतून आडवीतिडवी जाणारी गाडी. तिला हे नाव तुमच्या दुकानावर येणाऱ्या गिऱ्हाइकांनी ठेवलं. उन्हाळाभर मी आणि माझा दोस्त नोरबू लडाखात तिच्यावरून पर्यटकांना फिरवतो, आणि हिवाळ्यात ती औंढ्याला तुमच्या दुकानात येऊन पडते, खालच्या हवेला परत लावलेली. वर जायच्या आधी तिचं इंजिन वरच्या विरळ हवेसाठी तुम्ही लावून देता. लावून देत होता, असं आता म्हणायला पाहिजे.

यंदा ते कुणी लावायचं? चुकीचं लावलं तर खेकडा पहिल्याच चढाला बसेल आणि उन्हाळा गेला म्हणून समजा. माझा जाईल, नोरबूचा जाईल. त्याचं मला एवढं काही नाही. पण तुमचं दुकान आता बंद आहे, लेक परभणीला दिलेली, आणि अक्काचं घर यंदा या चार चाकांवरच चालायचं आहे. म्हणून तुमच्या स्टुलावर बसलोय आणि इंजिनाला हात लावायचं सोडून या कागदावर तुमच्याशी बोलतोय. काम टाळायची ही माझी सवय तुम्हाला नवी नाही.

तुमच्या मातीला आलेल्या निम्म्या लोकांचे हात पिवळे होते. हळद शिजवायचे दिवस, माणसं कढईजवळून तशीच उठून आली होती. कुणाचा फवारणीचा पंप तुमच्याकडे पडलेला, कुणाची फटफटी, कुणाच्या हळद पॉलिश करायच्या ड्रमचं इंजिन. तुमच्याबद्दल बोलताना सगळे इंजिनाबद्दलच बोलत होते. एक म्हातारा म्हणाला, "आता आमच्या पंपाचं कसं व्हावं?" आणि डोळे पुसायला लागला. मला त्याचा राग आला नाही. मलाही तसंच काहीसं म्हणायचं होतं.

फौजेतून पेन्शन घेऊन आलो ते दिवस तुम्हाला आठवत असतील. मी ड्रायव्हर होतो, उभी नोकरी डोंगरात गेली, आणि गावी आल्यावर मला सपाटी सोसेना. अंथरुणाची घडी नीट नाही म्हणून बायकोवर ओरडायचो. एसटी उशिरा आली की कंडक्टरशी भांडायचो. गावातले शहाणे लोक मला समजवायला यायचे आणि मी त्यांनाही उभंआडवं घ्यायचो. तुम्ही एकदाही समजावलं नाहीत. तुम्ही एक दिवस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ते भंगार आणलंत. संभाजीनगरकडं कुठं तरी बंद पडलेल्या शेतपर्यटनाच्या जागेतली, रंग उडालेली, एक टायर बसलेली गाडी. माझ्या दारात उतरवून तुम्ही म्हणालात, "फौजी, तुला डोंगर आठवून राहिलेत. घरच्यायवर काहून ओरडून राहिलास? हे घे, नीट करू अन् जा वर. तुझा तो दोस्त हाय ना तिथं."

मी डोंगराचं नावही कुणाजवळ काढलं नव्हतं. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. ते तुम्हाला कसं कळलं हे मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी मी तुम्हाला उलट विचारलं, "हे भंगार कशाला आणलंत?" आभार मानायची आपल्या घरात रीत नाही, आणि मेव्हण्यानं दाजीचे आभार मानले तर दाजीलाच शंका येते की पोरगं आजारी तर नाही. पण दाजी, त्या ट्रॉलीनं माझं घर वाचवलं. आज म्हणतो, कारण आज तुम्ही माझी टर उडवू शकत नाही.

पहिल्या साली आपण दोघंही अडाणी होतो. गाडी इथं झकास पळाली म्हणून तशीच वर पाठवली. लेहच्या वरच्या चढाला ती अशी काही खोकायला लागली की मागं बसलेला पर्यटक उतरून चालायला लागला. काळा धूर, काळा ओला प्लग, आणि ॲक्सिलरेटर पिळला की पळायच्या ऐवजी आणखीच बसायची. मी परत आलो तो तुमच्या नावानं शिमगा करतच. "तुमचं इंजिन भंगार हाय," म्हणालो. तुम्ही चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणालात, "कसं खोकत होतं ते करून दाखव."

"म्हंजे?"

"तोंडानं काढ आवाज."

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली. मी फौजेत उभं आयुष्य घालवलेला माणूस, आणि सगळ्यांसमोर गाल फुगवून भक-भक-भुस्स करत होतो. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. "अजून येकदा. चढाला कसं? सपाटीला कसं?" गिऱ्हाइकं हसून हसून आडवी झाली. तुम्ही हसला नाहीत. नंतर मला समजावलंत, "वर हवा पातळ. इंजिन पेट्रोल ओढतंय तेवढंच, पण हवा न्हाई जाळायला. घास तेवढाच अन् पाणी कमी, मंग ठसका लागणारच. घास बारीक करावा लागंल." घास बारीक करायचा म्हणजे कार्बोरेटरमधलं पितळी जेट बदलायचं, ज्याच्या केसाएवढ्या भोकातून पेट्रोल येतं. त्याहून बारीक भोकाचं घालायचं, सुई एक खाच खाली उतरवायची, हवेचा स्क्रू थोडा मोकळा करायचा. एवढं समजलं. पण किती बारीक? हे तपासायला औंढ्यात खिंड कुठून आणायची? नागनाथाच्या पलीकडची टेकडी चढून काही हवा पातळ होत नाही.

ती युक्ती तुम्हाला हळदीनं दिली. पॉलिशचा ड्रम फिरताना पिवळी धूळ उडते म्हणून तुम्ही नाकातोंडाला फडकं बांधून त्याच्या इंजिनावर वाकला होता. एकदम सरळ झालात आणि फडक्यातूनच ओरडलात, "फौजी, हवा अशी अडवायची!" मग तडक घरात गेलात आणि दोरीवरचं अक्काचं हिरवं सुती पातळ ओढून त्याचे चौकोन कापले.

अक्का काय बोलली होती ते मी लिहीत नाही. शेवटचं वाक्य तेवढं लिहितो: "डोंगरावर जायाचं तर सोताची लुंगी फाडा की!"

"लुंगीचं सूत जाड हाय," तुम्ही म्हणालात. "पातळातून हवा बराबर येते." जणू काही तिच्या पातळाचं कौतुकच करत होता.

एअर फिल्टरच्या डब्यात एक फडकं घातलं, झाकण लावलं, गाडी सुरू केली. "असंच होतं का?" मी म्हणालो, "न्हाई, याहून जड." दुसरं फडकं. "असं?" "अजून जरा." तिसरं फडकं घातलं आणि आपल्या दुकानात, हिंगोली रोडवर, भर उन्हात, लेहच्या वरची खिंड खोकायला लागली. तोच भक-भक-भुस्स. मग तुम्ही जेटं बदलत बदलत तिचा खोकला थांबवला. आणि गंमत म्हणजे फडकी काढली की तेच इंजिन इथं वाईट चालायचं. फट्फट् करायचं, तापायचं. "इथं वाईट चालली म्हणजे तिथं बरी चालंल," तुम्ही म्हणालात. म्हणून एकदा लावलेला खेकडा इथं चालवायचा नाही, हा आपला नियम झाला. दरवर्षी माणसं लावून तो फळीवरून ट्रकात ढकलायचा आणि बघणाऱ्यांनी दरवर्षी म्हणायचं, "दुरुस्त केल्यावर ढकलून नेणारे हेच पहिले." तुम्ही त्यांना चहा पाजायचा, पण समजावून सांगायचा नाहीत.

नोरबू एकदा औंढ्याला आला होता. नागनाथाच्या रांगेत उभा राहिला आणि ऊन लागून तिथंच बसला. त्याला दुकानात आणून ओलं फडकं डोक्यावर ठेवलं, तेव्हा तुम्ही तुमच्या त्या खास हिंदीत म्हणालात, "ये आदमी ऊपर के जेट का है. नीचे लाए तो गरम होताच." नोरबू अजून लेहमध्ये लोकांना हे सांगतो. लाडक्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगतो.

आणि मग आपलं ते भांडण. त्याला आपण कधी संपू दिलं नाही. एका साली गाडी वर पोचली, लेहमध्ये बरी चालली, आणि खिंडीकडं चढायला लागल्यावर अशी घुसमटली की मी भर रस्त्यात तुम्हाला शिव्या घातल्या. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत हिरवं फडकं. नीट चौपदरी घडी घातलेलं! मी खाली येऊन पहिलं काम केलं ते तुम्हाला फोन.

"दाजी, फडकं आत ठेवलंत!"

"मी? झाकण तू लावलंस."

"मी झाकणाला हात लावला न्हाई. तुमचं फडकं, तुमचा डबा."

"फडकं माझं, पण विसरणं तुझं. फौजेत डोकं जमा करून आलास काय?"

तेव्हापासून आपला प्रत्येक फोन तिथूनच सुरू व्हायचा. "फडकं सापडलं का?" असं म्हणून तुम्ही सुरुवात करायचा, मग पिकाचं, पावसाचं, अक्काच्या गुडघ्याचं. दिवाळीला भाऊबीजेच्या ताटावर बसूनसुद्धा तुम्ही अक्काला विचारायचा, "तुझ्या भावानं कबूल केलं का?" अक्का खाली मान घालून वाढत राहायची. मी शपथेवर सांगतो दाजी, झाकण मी लावलं नव्हतं. आणि तुम्हीही दरवेळी तितक्याच शपथेवर सांगायचा. दोघांतला एक जण तरी खोटं बोलत होता.

दुसरं भांडण इतकं गमतीचं नव्हतं. मला नवी गाडी घ्यायची होती, कार्बोरेटर नसलेली, जिच्यात कॉम्प्युटर हवा मोजतो आणि पेट्रोल आपोआप कमी करतो. जेट नको, सुई नको, फडकं नको. शेवटचं भेटलो तेव्हाही तेच चाललं होतं. तुमच्या मागं पॉलिशचा ड्रम गडगडत होता, मी ओरडून बोलत होतो. तुम्ही म्हणालात, "त्या गाडीला तुझी गरज न्हाई अन् माझीबी न्हाई." मी म्हणालो, "तेच तर चांगलं हाय!" तुम्ही माझ्याकडं जरा वेळ बघितलंत, हात पुसलेत आणि म्हणालात, "हळद उरकू दे, मंग बोलू."

हळद उरकली, दाजी.

*

इथवर लिहिलं होतं ते तसंच राहिलं. मधे गाडी लावली. कशी लावली ते सांगतो.

सकाळी मी खेकड्याचं सीट काढलं, डबा उघडला. अक्का चहा घेऊन आली आणि परत गेली नाही. तुमच्या स्टुलावर बसली. दुकानात ती अशी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. धुतलेल्या फडक्यांना तिनं हातानं दाबून दाबून घड्या घातल्या होत्या, जशी काही लग्नात द्यायची आहेत. मी तीन फडकी आत घातली, दरवर्षीसारखी, झाकण लावलं आणि गाडी सुरू केली. खेकडा खोकला, पण हलकंच. सर्दी झालेल्या माणसासारखा. इतक्या वर्षांची धूळ आणि तेल निघून गेलेलं, त्या सुतातून हवा आता मोकळी येत होती. तीन फडक्यांचा हिशेब मोडला होता.

मी इंजिन बंद केलं आणि उभा राहिलो. मनात म्हटलं, संपलं. तुमचं सगळं ज्ञान त्या मळात होतं आणि अक्कानं ते दगडावर आपटून धुतलं. मी तसाच उभा होतो आणि माझ्या लक्षात आलं की मी वाट बघतोय. तुम्ही विचाराल याची. "फौजी, असंच होतं का?"

आणि मग ते मला उमगलं, दाजी. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही सांगितलं नव्हतं की असं आहे. तुम्ही दरवर्षी विचारलंत. तुम्ही ती खिंड कधी पाहिलीच नव्हती. "यंदा येतो," म्हणायचा आणि दरवर्षी कुणाचा तरी ड्रम, कुणाचा तरी पंप आडवा यायचा. तिथला खोकला माझ्या कानात होता, तुमच्या नाही. मी "अजून जड" म्हणालो की तुम्ही आणखी एक फडकं घालायचा, मी "आता बराबर" म्हणालो की थांबायचा. मी तुम्हाला उस्ताद समजत होतो आणि तुम्ही दरवर्षी मान खाली घालून माझ्या शब्दावर चालत होता. एकदाही शंका घेतली नाहीत. हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? सांगितलं असतं तर मी फुगलो असतो, हे खरं आहे.

"काय झालं?" अक्कानं विचारलं.

"अजून जड पाहिजे."

मी चौथं घातलं. जवळ आलं, पण तेही पुरेना, आणि खिळ्यावर दुसरं फडकं उरलं नव्हतं. अक्का उठली, घरात गेली. पेटीचा कोयंडा वाजला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात त्याच हिरव्या पातळाचा उरलेला तुकडा होता, पदराचा, जपून ठेवलेला. ज्या पातळासाठी तिनं तुम्हाला दिवसभर बोलून घेतलं होतं, त्यालाच तिनं स्वतः कात्री लावली. चौकोन बरोबर कापला, कडेला दुमड घ्यायला जागा सोडून. "हे घे," म्हणाली.

तो चौकोन घातला आणि झाकण लावलं. खेकडा भक-भक-भुस्स करायला लागला. मी डोळे मिटले. समोर खिंड होती, धूर होता, उतरून चालणारा पर्यटक होता. "हेच," मी मोठ्यानं म्हणालो. कुणी विचारलेलं नसताना.

मग पुढचं काम हातांनी आपोआप केलं. तुमच्या पेटीतलं बारीक जेट घातलं, सुई उतरवली, हवेचा स्क्रू अगदी थोडा थोडा सोडत गेलो. खोकला कमी झाला, मग थांबला. शेवटी सगळी फडकी काढली आणि सुरू केलं, तर औंढ्याच्या हवेत इंजिन फट्फट् करत वाईट चालायला लागलं. इतकं वाईट की मला आनंदानं हसू फुटलं. रस्त्यानं जाणारा एक जण थांबून म्हणाला, "बिघडली काय हो?" मी म्हणालो, "व्हय, बराबर बिघडली."

अक्कानं विचारलं, "झालं? त्यायच्यासारखं?"

"त्यायच्यासारखं न्हाई. पण होतंय."

तिनं फडकी मोजून घेतली, सगळी बाहेर आहेत ना म्हणून. मग ती पुन्हा खिळ्याला टांगली आणि म्हणाली, "आता धूत न्हाई बाई कधी." ट्रक आला तेव्हा माणसं लावून खेकडा फळीवरून ढकलला. बघणारे जे म्हणायचं तेच म्हणाले. मी त्यांना चहा पाजला आणि काही समजावलं नाही.

*

दाजी, हे लेहमधून लिहितोय. नोरबूच्या स्वयंपाकघरात चूल आहे, तिच्याशेजारी.

खेकडा चढला. खिंडीच्या माथ्यापर्यंत, न खोकता. ताकद कमीच, ती तिथं सगळ्यांचीच कमी असते, पण आवाज मोकळा. तुम्ही मला नेहमी एकच गोष्ट विचारायचा. बर्फ नाही, डोंगर नाहीत. "माथ्यावर दुसरं काय ऐकू येतं?" मी म्हणायचो, "काही न्हाई. वारा." तेव्हा तुम्ही म्हणायचा, "मंग तिथं इंजिन नीट ऐकू येत असंल. इथं भोंगे, ड्रम, एसट्या, काय बी ऐकू येत न्हाई." मी माथ्यावर बराच वेळ गाडी नुसती सुरू ठेवून उभा राहिलो. खरंच फार स्वच्छ ऐकू येतं हो. तुम्हाला आणायला पाहिजे होतं. कार्बोरेटरच्या गाडीवर आता माझं भांडण नाही. ही आहे तोवर हीच.

खाली आल्यावर अक्काला फोन केला.

"चढला?"

"चढला."

ती रडली असावी, कारण नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आत काही न्हवतं ना?"

"कशात?"

"त्या डब्यात. झाकण उघडून पाहिलंस का?"

"पाहिलं की. रिकामा होता. काहून?"

मागं कुणाचा तरी पॉलिशचा ड्रम वाजत होता, तुमच्या दुकानापलीकडचा.

"त्या साली ते फडकं मीच ठेवलं होतं रे."

"काय?"

"तुमी दोघं जेवायला बसले होते. मी पाण्याचा तांब्या आणाया दुकानात गेले, तर डबा उघडा अन् फडकं निम्मं बाहेर लोंबून राहिलं. मला वाटलं, त्याच्यातलंच हाय. घडी घातली, आत सारलं, झाकण लावलं. कुणाचं काही पसरलेलं मला पाहवत न्हाई, तुला म्हाईत हाय."

चौपदरी घडी! कुठल्या पुरुषानं आयुष्यात फडक्याची अशी घडी घातली असती, दाजी? आपल्याला इतकं कळू नये?

"अन् इतकी वर्सं बोलली न्हाईस?"

"आधी भ्याले. तू लई चिडला होतास. मंग तुमचं ते भांडण इतकं रंगलं… तुझा फोन येऊन गेला की हे जेवताना येकटेच हसायचे. म्या म्हणलं, कशाला मोडा." मग एकदम आवाज बारीक करून, कुणी ऐकेल अशा धाकानं ती म्हणाली, "त्यायला सांगू नको बरं का."

बोलून गेली आणि तिच्याच लक्षात आलं. तिकडं ड्रम गडगडत होता, इकडं नोरबू काही न समजून माझ्याकडं बघत होता.

"न्हाई सांगत," मी म्हणालो.

तर दाजी, झाकण मी लावलं नव्हतं. तुम्हीही लावलं नव्हतं. दोघंही खरं बोलत होतो. आता तेवढं सांभाळा, मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका.